बेलावरची पांढरी रेघ

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, ती गेली तेव्हाही नाही. मुलाला नाही. देवळाच्या कमिटीत त्यानंतर चार वर्षं होतो, तिथे तर नाहीच. मागच्या आठवड्यात लिहायला म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा खिडकीखाली कोण बोलतंय ते बघायला. तिसऱ्यांदा उठायला काही कारणच नव्हतं, तरी उठलो. आज दाराला आतून कडी घालून बसलोय.

आधी काय केलं तेच सांगून टाकतो, नाहीतर परत आडवळणाला लागेन. मुलुंडच्या आमच्या कॉलनीत एक लहानसं शंकराचं देऊळ आहे. तिथे एका श्रावणी सोमवारी माझ्या हातून चूक झाली आणि ती मी सगळ्यांसमोर एका बाईच्या अंगावर ढकलली. ही बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची. सावंतवाडीकडची. सगळी कॉलनी तिला वहिनी म्हणायची, मीही. ती मला भावोजी म्हणायची.

बिल्डिंगची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्या मधल्या पट्टीत एक बेलाचं झाड आहे. ते तिच्या नवऱ्याने लावलेलं. तो गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला एका कंपनीच्या गेटवर बसायचा. तो गेला तेव्हा झाड दुसऱ्या मजल्यापर्यंत, म्हणजे माझ्या खिडकीपर्यंत आलं होतं. नवरा गेल्यावर वहिनीला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. कोणी मुद्दाम बंद केली नाहीत, असं आम्ही आपसात म्हणायचो. बारशाला, डोहाळजेवणाला ती स्वतःच मागे उभी राहायला लागली. पण श्रावणातला बेल तिचा. चारही सोमवारी सकाळी ती आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बेल काढायची, धुवायची आणि टोपली कमरेवर घेऊन देवळात यायची. कमिटीचे अध्यक्ष घड्याळ बघत विचारायचे, "वहिनी आल्या का? मग सुरू करा गुरुजी." वर्षातले एवढे चार दिवस कॉलनी तिच्यासाठी थांबायची. मी तिचं काय काढून घेतलं ते कळावं म्हणून हे लिहिलं.

आता माझं. मी एकतीस वर्षं एका औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या तपासल्या. समोर दिवा, मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पडदा. बाटली उलटी करायची, उजेडात फिरवायची आणि आत केसभर काही तरंगताना दिसलं की बाजूला टाकायची. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. माझ्या हातून निसटलेली बाटली परत आल्याचं एकदाही झालं नाही. रिटायर झालो तसं कमिटीने मला बेल निवडायचं काम दिलं. "काकांच्या नजरेतून काही सुटत नाही," असं म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

बेल निवडणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पान तीन दळांचं हवं, तिन्ही दळं अखंड. फाटलेलं नको, भोक पडलेलं नको. देठाचा टोकाकडचा जाड भाग खुडून टाकायचा, त्याला वज्र म्हणतात. आणि पानावर चक्र नको. चक्र म्हणजे किड्याने काढलेली पांढरी खूण. ती वेटोळी असते, कधी नागमोडी, पानाच्या कातडीखालून गेल्यासारखी. तसलं पान पिंडीवर चालत नाही. मी देवळाच्या ओसरीत पाटावर बसून एकेक पान उजेडासमोर धरायचो आणि शंभराच्या जुड्या लावायचो.

त्या वर्षी मला दिसत नव्हतं.

एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. दिव्याभोवती कडं दिसायचं, पेपरातली बारीक अक्षरं एकमेकांत मिसळायची. मला वाटलं घरात उजेड कमी येतोय. खिडकीबाहेर बेलाच्या फांद्या होत्याच. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. जूनमध्ये माणूस बोलावला आणि फांद्या छाटायला लावल्या.

वहिनी खाली उभी होती. "भावोजी, श्रावण तोंडार इलो. आता नका ओ तोडू."

"वहिनी, घरात दिवसा ट्यूब लावावी लागते मला."

"मग एक फांदी तोडा. सगळ्यो कित्याक?"

"परत परत माणूस कोण बोलावणार?"

फांद्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन खिडकीत बसलो तर तितकंच अंधुक. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मुलगा म्हणत होता, "बाबा, डॉक्टरकडे जाऊन या ना, मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आता काही नसतं." मी म्हणालो, डोळ्याला कोणी हात लावायचा नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. शिवाय ऑपरेशन झालं की सगळ्यांना कळणार, काकांची नजर गेली.

पावसाने झाडाला पालवी फुटली. जिथे जिथे छाटलं होतं तिथून झुबकेच्या झुबके, लुसलुशीत, तांबूस हिरवे. श्रावणापर्यंत सगळं झाड कोवळं. मला वरून नुसता हिरवा रंग दिसायचा आणि मी मनात म्हणायचो, बघा, उलट भरलं की नाही.

तिसऱ्या सोमवारी लघुरुद्र होता. अध्यक्ष आणि त्यांची बायको यजमान, एक हजार आठ बेल वाहायचे होते. वहिनीने टोपली माझ्यासमोर ठेवली, पदराने हात पुसले आणि हळूच म्हणाली, "भावोजी, यंदा जरा बारीक नजरेन बघा हां. पालवी कवळी आसा, मधी मधी रेघो दिसतत. माका घाईत सगळा काय बघूक जमला नाय."

मी म्हणालो, "वहिनी, आता मला शिकवता का?"

ती हसली. "तुमका कोण शिकवतला?"

मग मी बसलो. आजही तो पाट आठवला की मला बसवत नाही. पानं ओली होती, प्रत्येक पान चमकत होतं. रेघ चमकतेय की पाणी, मला ओळखू येईना. मी दर वर्षीसारखंच एकेक पान उचललं, उजेडासमोर धरलं, मान तिरकी केली, खाली ठेवलं. येणारेजाणारे बघत होते. कोणी म्हणालं, "काका, डोळे आहेत की भिंग?" मी हसलो. बोटांना भोकं लागली, फाटलेल्या कडा लागल्या, तेवढी पानं बाजूला काढली. देठ खुडले. बाकी नुसते मोजले. तबकात दहा जुड्या आणि वर आठ पानं रचली आणि गुरुजींकडे पाठवली.

अर्धं आवर्तन झालं असेल. गुरुजी थांबले. एक पान उलटंसुलटं केलं, बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. मग जुडीच सोडली. आतल्या आवाजात म्हणाले, "हे कोणी निवडलंय? सगळ्यावर चक्र आहे हो."

अध्यक्ष पिंडीसमोर सोवळ्यात बसलेले, मागे दीडशे माणसं. त्यांनी मान वळवली. "काका? तुम्हीच निवडलात ना?"

विचार करायला वेळ नव्हता असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. वेळ होता. मी आधी टोपलीकडे बघितलं, मग दाराकडे. दारात वहिनी उभी होती. आणि मी म्हणालो, "मी नाही निवडला. वहिनी म्हणाल्या, घरूनच निवडून आणलाय, तुम्ही नुसता मोजा. मी मोजला."

वहिनीच्या तोंडून "मी?" एवढंच आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा चेहरे नीट दिसत नव्हते, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगू शकत नाही. मला पान निवडताना दीडशेतल्या निम्म्यांनी तरी पाहिलं होतं. कोणीही म्हणू शकलं असतं की काका तासभर बसले होते की पाटावर. कोणी म्हणालं नाही. मागून एकजण म्हणाला, "काय वहिनी, महादेवाला किडका माल?" आणि हशा झाला. अध्यक्षांच्या बायकोने मानही न वळवता म्हटलं, "तरी मी म्हणत होते, एकटीच्या भरवशावर सोडू नका." दोन पोरांना बाजारात पिटाळलं, बेल आला, दुसऱ्या कोणीतरी निवडला. रुद्र पार पडला. प्रसादाच्या वेळी वहिनी दिसली नाही.

चौथ्या सोमवारपासून बेल बाजारातून यायला लागला. ठराव वगैरे काही झाला नाही, मी सोसायटीचा सेक्रेटरी आणि देवळाच्या कमिटीतलाही, मीच फुलवाल्याला सांगितलं. पुढच्या श्रावणात वहिनी टोपली घेऊन आली नाही. देवळातही मंगळवारी, बुधवारी, गर्दी नसताना जायची. जिन्यात मी दिसलो की "काय भावोजी, बरा मा?" म्हणायची, पूर्वीसारखंच. हे मला सगळ्यात जड जायचं. तिने एकदा तरी भांडावं असं वाटायचं. भांडली असती तर मीही दोन शब्द वाढवले असते आणि मोकळा झालो असतो.

त्या दिवाळीनंतर मी ऑपरेशन करून घेतलं. पट्टी काढली आणि घरी आलो तर घर पांढरंफेक उजेडाचं. खिडकीशी गेलो. बेलाची पानं हाताच्या अंतरावर होती आणि जवळजवळ प्रत्येक पानावर चांदीसारखी वेडीवाकडी रेघ होती. इतकी स्पष्ट, की लहान मुलालाही दिसावी. मी खिडकी लावून घेतली. मग उघडली. मग परत लावली. बायको म्हणाली, "अहो, एक काय ते ठरवा."

आणखी दोन वर्षांनी वहिनी कांजूरमार्गला मुलीकडे राहायला गेली. खोली भाड्याने दिली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी वरून बघत होतो. खाली गेलो नाही.

एवढं झाल्यावर माणसाने विसरावं किंवा कबूल करावं. मी तिसरंच काहीतरी करत बसलो. पानं तोडून आणायचो आणि बघायचो. टेबलावर, फ्रीजवर, पेपराच्या घडीत, सगळीकडे बेलाची पानं. एकदा नात आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने पान उजेडात धरलं, अगदी मी धरायचो तसं, आणि फोनने फोटो काढून मोठा करून दाखवला.

"आजोबा, ही बघ अळी. आत आहे."

"आत म्हणजे? पानाला आत कुठून आलं?"

"असतं रे. वरचा पापुद्रा, खालचा पापुद्रा, ही मधे. रस पीत पुढे जाते, मागे रस्ता राहतो. ही मधली काळी रेघ दिसते? ती तिची घाण."

"आणि बाहेर कधी येते?"

"पतंग झाला की. हा एवढुसा असतो, तांदळाची कणी पण मोठी वाटेल. अशा पतंगांचं अख्खं कुळ आहे, सगळ्यांच्या अळ्या पानात राहणाऱ्या. शेतकरी नागअळी म्हणतात. लिंबावर, संत्र्यावर असते, बेल त्यांचाच भाऊबंद. झाड नाही मरत, टेन्शन नको घेऊ."

"मग कधी जास्त पडते, कधी कमी, ते कसं?"

"कोवळ्या पानातच घालते ना ती अंडं. जून पानाला विचारत पण नाही. झाड छाटलं की एकदम सगळीकडून पालवी फुटते, मग यांची चैनच."

मी उठून पाणी प्यायला गेलो. ती म्हणाली, "आजोबा, काय झालं? बस ना." मी म्हणालो, गॅस बघून येतो.

म्हणजे निवडताना न दिसणं हा शेवटचा भाग होता. डोळ्यातला अंधार झाडाचा समजून मी फांद्या तोडल्या, तोडल्यामुळे पालवी आली, पालवीत अळी पडली. वहिनी खाली उभी राहून सांगत होती, नका तोडू. टोपली ठेवताना पुन्हा सांगत होती, नीट बघा. दोन्ही वेळा सगळं तिला ठाऊक होतं, आणि किडका बेल आणणारी म्हणून नाव तिचं झालं.

तो पतंगही मी नंतर पाहिला. नातीने सांगितल्याप्रमाणे पानाची दुमडलेली कड, जिच्यात अळीचा कोष असतो ती, काचेच्या बरणीत ठेवली, वर मलमलचा तुकडा. आठवड्याने सकाळी बरणीच्या भिंतीवर एक चंदेरी कुसळ चिकटलेलं दिसलं. पंखाच्या टोकाला काळा ठिपका. मी मलमल काढताच ते उडालं, की नुसतं नाहीसं झालं, सांगता येणार नाही. एवढ्याशा जिवाला मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी कांजूरमार्गला गेलो. वाक्य तयार केलं होतं. रिक्षात ते पुटपुटत होतो, रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "काही बोललात का काका?" बिल्डिंगखाली पोचल्यावर समोरच्या टपरीवर उगाच चहा घेतला. कचऱ्याच्या डंपिंगचा वास येत होता, दुपारनंतर तिकडे येतो. मग वर गेलो.

वहिनीच दार उघडायला आली. वाळली होती, पण आवाज तोच. "अगो बाय! भावोजी? येवा, येवा. बसा." मुलीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "डोळे बरे आसत मा आता?"

तिने नेमकं हेच विचारलं. मी म्हणालो, हो, ऑपरेशन झालं, बरीच वर्षं झाली. मग बायको गेल्याचं बोलणं झालं, कॉलनीतल्या कुणाकुणाचं झालं. "झाड कसा आसा?" तिने विचारलं. आता बोलायचं होतं, वाक्य जिभेवर होतं. आणि मी काय बोललो? मी तिला किडा सांगितला. सगळा. पतंग केवढा, अंडं कुठे, दोन पापुद्र्यांमधून अळी कशी जाते, रेघ कशी पडते. हाताने हवेत वेटोळी काढून दाखवली. आणि शेवटी म्हणालो, "म्हणजे बघा वहिनी, त्या सोमवारचं जे झालं, ते सगळं त्या किड्यामुळे. तशी कोणाचीच चूक नव्हती."

मुलगी चहा घेऊन आली होती, ती कप हातात घेऊनच उभी राहिली.

वहिनी शांतपणे म्हणाली, "किड्याची चुकी नायच ओ. किडो आपला पॉट भरता. निवडूक कोण बसललो, ता सांगा."

मला वाटतं तिने मला कबूल करायला दार उघडं ठेवलं होतं. रागाने नाही विचारलं तिने. थांबली, वाट बघितली. चहावर साय धरली इतका वेळ. मी पंख्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणालो, "निघतो वहिनी, अंधार पडला की मला रिक्षा मिळत नाही." चहाही प्यायलो नाही. तिने दारापर्यंत येऊन "सावकाश जावा, जिने उंच आसत" म्हटलं. खाली आलो तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं.

पुन्हा जाईन, पुन्हा जाईन म्हणत दीड वर्ष गेलं. एकदा घाटकोपरला कामाला गेलो होतो, येताना कांजूरला उतरायचं ठरवलं आणि उतरलो नाही. फोन नंबर मिळवला होता, तो लावून वाजायच्या आत बंद करायचो. मग एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो आला आणि खाली हात जोडलेली चित्रं. मीही एक टाकलं.

कमिटीतले त्या वेळचे चारपाचजण अजून आहेत. हे कागद मी त्यांना देणार आहे, आणि एक प्रत तिच्या मुलीला. मुलीने त्या दिवशी कप घेऊन सगळं ऐकलं होतं, तिला उत्तर मिळालं पाहिजे. रिक्षात पाठ केलेलं वाक्य तेव्हा छोटं होतं. आता लिहिताना वाढलं आहे, कारण तेव्हा मी त्यातूनही काही गोष्टी गाळल्या होत्या. ते असं:

वहिनी, झाड छाटू नका असं तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. पानं नीट बघा असंही तुम्ही सांगितलं होतंत. बेल निवडायला मीच बसलो होतो. मला दिसत नव्हतं आणि ते सांगायची मला लाज वाटली. घरून निवडून आणलाय असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. मी दीडशे माणसांसमोर, देवासमोर, तुमच्या नावावर खोटं बोललो, आणि नंतर तुम्ही विचारलंत तेव्हाही उत्तर दिलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा.